ठिपक्यांची रेघ आणि अखंड रेघ

बालाघाट शहर मागे टाकून काही किलोमीटर गेले की भरवेली लागते. ज्यांच्या घरातील कुणी ना कुणी मँगेनीजच्या खाणीत नोकरीस होते, अशा वाचकांना या गावाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. काळसर धूळ बसलेले रस्ते, पाळी बदलताना वाजणारा भोंगा, शाफ्टवरचा उंच लोखंडी सांगाडा आणि त्याच्या माथ्यावर फिरणारे चाक, एवढे सांगितले तरी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आपले बालपण उभे राहील. ब्रिटिश कंपनीच्या काळापासून येथे भूगर्भातून मँगेनीज काढले जात आहे. १९६२ साली मँगेनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९७७ साली परदेशी कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारने घेतला. कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरास. त्यामुळे १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, तरी भरवेलीच्या वसाहतीतील मराठी नागपूरच्या वाटेने ताजी होत राहिली.

माझे वडील या खाणीत सर्व्हेअर होते. त्यांच्या हातून उतरलेल्या नकाशांचा आणि आजच्या संगणकांच्या जगाचा काही संबंध असेल, असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते. तो संबंध मला माझ्या पुण्याच्या भाच्याने दाखवून दिला. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

खडकाखालचा नकाशा

जमिनीवरच्या मोजणीदाराला निदान आभाळ असते. टेकडी दिसते, मंदिराचा कळस दिसतो, दूरवरचे झाड दिसते. खाणीत यातले काहीच नसते. तेथे उत्तर कोणती आणि दक्षिण कोणती हे दिव्याच्या वर्तुळात उभ्या असलेल्या माणसाला कळणे शक्य नाही. म्हणून वरची दिशा खाली न्यावी लागते. बाबा सांगत, उभ्या शाफ्टमध्ये दोन बारीक तारा सोडावयाच्या, त्यांच्या टोकांना जड वजने बांधावयाची, आणि ती हलू नयेत म्हणून तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावयाची. वर त्या दोन तारांना जोडणाऱ्या रेषेची दिशा मोजावयाची. खालीही तीच रेषा. झाली दिशा पाताळात उतरवून! पुढे छतात ठोकलेल्या प्रत्येक खुणेला ओळंबा टांगून, त्याखाली थिओडोलाइट लावून, एका खुणेवरून दुसरीवर असे सरकत जावयाचे.

संध्याकाळी ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने त्या मोजणीची रेघ उमटे. आम्हां मुलांना त्या कापडाला हात लावण्याची सक्त मनाई होती. परंतु दुरून पाहण्यास बंदी नव्हती, आणि मला लहानपणीच एक गोष्ट ध्यानात आली. नकाशात दोन तऱ्हेच्या रेघा असत. काही तुटक, ठिपक्याठिपक्यांच्या, काही अखंड.

“ठिपक्यांची रेघ म्हणजे जो बोगदा आपल्या मनात आहे तो,” बाबांनी एकदा समजावून सांगितले. “अखंड रेघ म्हणजे जो खडकात आहे तो. मनातला बोगदा कधीही खडकातला म्हणून दाखवायचा नाही. कोपऱ्यात तारीख घातल्याशिवाय नकाशा घडी करायचा नाही.”

एकदा ते आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळले होते. त्या आठवड्यात बोगदा किती पुढे सरकला हे पाळीच्या नोंदीवरून सहज कळत होते. मदतनीसाने आकडा आणून दिला आणि रेघ पुढे ओढून ठेवू का, असे विचारले. बाबांनी उशीवरूनच मान हलवली. “ठिपके दे. बरा झालो की जाऊन मोजतो, मग शाई.” साहेबांनाही ते पटले. त्या वेळी मला हा निव्वळ हट्ट वाटला होता.

तो हट्ट नव्हता, हे जगातील खाणींचा इतिहास वाचला म्हणजे कळते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात क्वेक्रीक नावाची कोळशाची खाण आहे. जुलै २००२ मध्ये तेथील कामगार शेजारच्या एका जुन्या, बंद पडलेल्या आणि पाण्याने भरलेल्या खाणीच्या भिंतीला भिडले. त्यांच्या हाती असलेल्या नकाशाप्रमाणे ती जुनी खाण पुष्कळ दूर होती. परंतु तो नकाशा अखेरचा नव्हता; तो काढल्यानंतरही जुन्या खाणीत खोदकाम झाले होते. भिंत फुटली, पाणी आत घुसले, नऊ माणसे अडकली. वरून भोक पाडून तीन दिवसांहून अधिक काळाने त्या नऊही जणांना जिवंत बाहेर काढता आले, हे त्यांचे आणि बचाव करणाऱ्यांचे भाग्य. त्या नकाशातील कोणतीही रेघ खोटी नव्हती. ती फक्त शिळी होती.

पुण्यातली भिंत

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या एका कंपनीत आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेले असता तो मला आपले कार्यालय दाखविण्यास घेऊन गेला. तेथील एका लांबलचक भिंतीवर एक प्रचंड चित्र लावलेले होते. शेकडो चौकटी, त्यांना जोडणारे बाण, मध्येच ढगासारख्या आकृत्या, डब्यासारखे गोल. मी चष्मा लावून कोपरा शोधू लागले.

“काय पाहतेस, मावशी?”

“तारीख पाहते आहे रे. केव्हाचा नकाशा आहे हा?”

तो काही क्षण गप्प राहिला. कोपऱ्यात तारीख होती आणि ती दोन वर्षांपूर्वीची होती. “मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला, “या तारखेपायी आमच्याकडे एका मुलीची नोकरी जायची वेळ आली होती.”

ती हकीकत अशी. कंपनीने बांधलेली एक प्रणाली गावोगावच्या औषधांच्या दुकानांची बिले तयार करीत असे. खर्च कमी करण्यासाठी विनावापर पडून असलेले संगणक बंद करावेत असे ठरले आणि ते काम एका नवख्या मुलीकडे आले. तिने भिंतीवरच्या चित्राशी यादी ताडून पाहिली. एक संगणक चित्रात कोठेच नव्हता. कोणताही बाण त्याच्याकडे जात नव्हता की त्याच्याकडून निघत नव्हता. तिने विचारपूस केली. जुनी माणसे सोडून गेलेली, कुणालाच काही ठाऊक नव्हते. तिने तो बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेकडो दुकानांतील बिले छापली जाईनात. काउंटरपुढे औषधांसाठी माणसे खोळंबली. दुपारपर्यंत शोध लागला की, करांचे दर पुरविणारा एक लहानसा भाग कुणीतरी मधल्या काळात त्या संगणकावर हलविला होता आणि चित्रात त्याची नोंद करावयाची राहून गेली होती.

चौकशी झाली तेव्हा बोट अर्थातच त्या मुलीकडे दाखविण्यात आले. माझा भाचा आणि त्याचा एक सहकारी यांनी त्या चित्राचा कोपरा कापून अहवालाला जोडला. तारखेकडे बोट दाखवून ते म्हणाले, की ही चूक तिची एकटीची नाही. दोन वर्षे या भिंतीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या आम्हां सर्वांची आहे. मुलीची नोकरी राहिली. परंतु प्रश्नही राहिला: ज्या यंत्रणेवर इतक्या लोकांचे व्यवहार चालतात, तिचा खरा नकाशा काढावा कसा आणि तो ताजा ठेवावा कसा?

एक संगणक नव्हे, संगणकांचे गाव

आता जाणत्या वाचकांची क्षमा मागून थोडे खुलासेवार सांगते, कारण ‘विखुरलेली संगणक-प्रणाली’ म्हणजे काय हे मलाही त्या दिवशीच नीट उमगले.

रेल्वेचे आरक्षण आपण सर्वच करतो. १९८०च्या दशकात दिल्लीत हे काम संगणकावर सुरू झाले, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद येथेही झाले. परंतु प्रत्येक ठिकाणचा संगणक आपापल्या गाड्यांपुरता. मुंबईच्या खिडकीवर दुसऱ्या विभागातून सुटणाऱ्या गाडीचे परतीचे तिकीट हवे असेल तर पंचाईत होई. पुढे ‘कॉन्सर्ट’ नावाच्या सॉफ्टवेअरने ही पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली आणि १९९९च्या एप्रिलात ते जाळे पूर्ण झाले. गाडीची माहिती तिच्या केंद्रातच राहिली. खिडकीवरचा संगणक विचारणा करतो आणि ती विचारणा योग्य केंद्राकडे जाते. प्रवाशाला वाटते, समोरच्या यंत्रानेच तिकीट दिले. प्रत्यक्षात शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या यंत्राने ‘ही जागा रिकामी आहे, ती मी तुझ्यासाठी राखली’ असे सांगितलेले असते. त्याच क्षणी तीच जागा दुसऱ्या गावच्या खिडकीला दिली जाऊ नये, तार मध्येच तुटली तर पैसे घेतले पण तिकीट नाही असे होऊ नये, ही सारी काळजी त्या जाळ्याने घ्यावयाची.

असे अनेक संगणक मिळून एक काम करतात, ती विखुरलेली प्रणाली. लेस्ली लॅम्पोर्ट या नामवंत संशोधकाने १९८७ साली तिची एक मिस्किल व्याख्या केली होती. तिचा आशय असा, की ज्या संगणकाचे अस्तित्वही आपल्याला माहीत नाही तो बिघडल्याने आपले काम अडते, तेव्हा आपण अशा प्रणालीत आहोत असे समजावे. औषधांच्या दुकानांची हकीकत ऐकल्यावर या व्याख्येत विनोद किती आणि अनुभव किती, हे वेगळे सांगावयास नको.

चित्रातून यंत्र

जे एका दृष्टिक्षेपात दिसत नाही ते चित्र काढून समजून घ्यावे, ही माणसाची जुनी खोड. संगणकाच्या जन्मापासून ती त्याच्याबरोबर आहे. १९४७ साली हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचा क्रम दाखविण्यासाठी चौकटी आणि बाणांची आकृती वापरली. १९६२ साली जर्मनीतील कार्ल आडाम पेट्री यांनी आपल्या प्रबंधात, एकाच वेळी अनेक ठिकाणी चालणाऱ्या क्रिया दाखविण्याची एक पद्धत मांडली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे पद्धती इतक्या झाल्या की एकाचे चित्र दुसऱ्याला वाचता येईना. तेव्हा ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकॉबसन या तिघांनी आपापल्या खुणा एकत्र करून ‘यूएमएल’ नावाची एक चित्रलिपी सिद्ध केली. १९९७ साली तिला या क्षेत्रातील संघटनेची मान्यता मिळाली. या लिपीतील एक आकृती खास विखुरलेल्या प्रणालीसाठी आहे. तीत प्रत्येक यंत्र म्हणजे एक घनाकृती खोका, आणि सॉफ्टवेअरचा कोणता भाग कोणत्या खोक्यात ठेवावयाचा हे त्या खोक्याच्या आत काढून दाखवायचे. संसार मांडताना कोणते सामान कोणत्या खोलीत जाईल याचा आराखडा गृहिणी करते, तसेच हे.

परंतु आराखडा काढून ठेवला म्हणजे सामान आपोआप जागेवर जात नाही. तेव्हा पुढची कल्पना निघाली: चित्र काढले की त्यातूनच सॉफ्टवेअर तयार व्हावे. म्हणजे चित्र आणि यंत्र यांत अंतर पडण्याचा प्रश्नच उरणार नाही.

या वाटेवर आपल्या पुण्यानेही मोलाचे काम केले आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९८१ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने पुण्यात एक संशोधन केंद्र काढले. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर हे त्याचे नाव. तेथील संशोधकांनी १९९०च्या दशकात ‘मास्टरक्राफ्ट’ नावाचे साधन विकसित केले. एखाद्या बँकेची किंवा विमा कंपनीची प्रणाली घ्या. तिचा एक भाग ग्राहकासमोरच्या पडद्याचा, दुसरा व्यवहाराच्या नियमांचा, तिसरा माहिती साठविण्याचा. आणि हे तिन्ही बहुधा वेगवेगळ्या यंत्रांवर. मास्टरक्राफ्टमध्ये या प्रत्येकाचा आराखडा मांडावयाचा आणि त्यांची परस्परांशी सांगड घालावयाची. त्यावरून हजारो ओळींच्या आज्ञा साधनच लिहून देई. उद्या संगणकाची जात बदलली तर आराखडा तोच ठेवून आज्ञा नव्याने निर्माण करता येत. एकाच साच्यातून पितळेची मूर्तीही काढावी आणि मातीचीही, तसे. या कामावरचे विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांचे लेख परदेशी नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले आणि या क्षेत्रात वाचले गेले.

त्या अनुभवाने मर्यादाही शिकविल्या. सगळेच चित्रात मावत नाही. पडदा, माहितीचे तक्ते, त्यांचे नाते हे चौकटींत बसते. पण व्यवहाराचे बारीकसारीक नियम शेवटी शब्दांत, एका खास भाषेतच लिहावे लागले. पाककृतीचे चित्र काढता येते, पण ‘मीठ बेताने’ कसे काढणार? शिवाय घाईच्या वेळी कुणी आराखडा न बदलता तयार झालेल्या आज्ञांतच थेट फेरफार केला, की त्या क्षणापासून आराखडा शिळा होऊ लागतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००५ साली आपल्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ’ या साधनसंचात विखुरलेल्या प्रणालींसाठी खास आरेखन-फलक दिले. एका फलकावर सॉफ्टवेअरचे भाग आणि त्यांचे संबंध काढावयाचे. दुसऱ्यावर त्यांची जुळणी. तिसऱ्यावर संगणकगृहातील सर्व्हर, त्यांचे विभाग आणि सुरक्षेची बंधने. आणि चौथ्यावर सॉफ्टवेअरचे भाग त्या संगणकगृहात बसवून पाहावयाचे. एखाद्या भागाची गरज आणि सर्व्हरचे बंधन यांचा मेळ बसत नसेल तर फलक तेथल्या तेथे सांगत असे. पाहुणे येण्याच्या आधीच कोणती खाट कोणत्या दारातून आत जाणार नाही हे कळावे, तशी ही सोय. कल्पना उत्तमच होती. परंतु शेवटी हाती येई तो एक अहवाल. प्रत्यक्ष मांडणी माणसांनाच करावी लागे, आणि मांडणीनंतर जे बदल होत त्यांची खबर फलकाला नसे. २०१०च्या आवृत्तीत हे फलक राहिले नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या यूएमएलच्या आकृत्याही २०१७च्या आवृत्तीतून वगळण्यात आल्या.

भाच्याने हे सांगितले तेव्हा मी म्हटले, “अरे, म्हणजे ते फलक फक्त ठिपक्यांची रेघ काढत होते. खाली उतरून मोजणारे कुणी नव्हते.”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्याने वही काढली आणि आजोबांच्या नकाशांबद्दल सगळे पुन्हा सविस्तर विचारून घेतले.

यंत्रातून चित्र

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्राने एक वळण घेतले. चित्राऐवजी शब्द आले. हव्या असलेल्या मांडणीचे वर्णन साध्या मजकुराच्या रूपाने लिहून ठेवावयाचे: या कामाचे तीन संगणक असावेत, त्यांच्यापुढे एक वाटप करणारा असावा, माहितीचा साठा अमुक ठिकाणी असावा. २०१४ साली पुढे आलेली कुबरनेटिस आणि टेराफॉर्म ही साधने असे वर्णन वाचतात आणि त्याप्रमाणे मांडणी करतात. मजकूर कुणी, केव्हा, का बदलला याची नोंद राहते. मोठ्या भिंतीवरच्या चित्रात एखादा बाण कुणी पुसला तर कळत नाही. मजकुरातील एक ओळ बदलली तर लगेच दिसते.

यापैकी कुबरनेटिसची कार्यपद्धती ऐकताना मला बाबा प्रकर्षाने आठवले. हे साधन वर्णन वाचून एकदाच मांडणी करून थांबत नाही. हवी असलेली स्थिती आणि प्रत्यक्ष असलेली स्थिती यांची तुलना ते अखंड करीत असते. तीन हवेत आणि दोनच चालू आहेत? तिसरा सुरू कर. चार झाले? एक बंद कर. मनातला बोगदा आणि खडकातला बोगदा यांचा मेळ घालण्याचे सर्व्हेअरचे काम येथे यंत्र दिवसरात्र करीत असते.

आणि चित्र? ते नाहीसे झाले नाही. त्याची दिशा उलटली. पूर्वी चित्रातून यंत्र घडवावयाचे होते, आता चालत्या यंत्रातून चित्र काढतात. प्रणालीत शिरणाऱ्या प्रत्येक विनंतीला एक ओळखचिठ्ठी बांधावयाची. ती ज्या ज्या संगणकातून जाईल तेथे तेथे वेळेची नोंद होते. गूगलच्या अभियंत्यांनी २०१० साली ‘डॅपर’ नावाच्या अशा पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. ट्विटरने २०१२ साली ‘झिपकिन’ हे तशाच धर्तीचे साधन सर्वांसाठी खुले केले. अशा नोंदी गोळा केल्या की कोण कुणाशी बोलते याचा नकाशा आपोआप उमटतो. त्यातील प्रत्येक बाण मोजलेला असतो. भाच्याच्या कार्यालयात त्या घटनेनंतर हे साधन बसविले, तेव्हा भिंतीवर कधीच नसलेले संगणक त्या नकाशात दिसू लागले.

अर्थात यानेही सारे प्रश्न सुटतात असे नाही. मोजलेला नकाशा ‘काय आहे’ ते सांगतो, ‘काय असावयास हवे’ ते सांगत नाही. शिवाय वर्षातून एकदाच, मार्चअखेरीस जागा होणारा भाग आठवड्याच्या नोंदीत दिसणार कसा? म्हणून दोन्ही रेघा लागतात.

दिवाळीतला धडा

यंत्राला नकाशा दिला की माणसाची चिंता मिटली, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी २०२५ सालच्या दिवाळीतील घटना बोलकी आहे. २० ऑक्टोबर रोजी आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते. अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲमेझॉन कंपनीच्या संगणककेंद्रात बिघाड झाला आणि जगभरातील असंख्य सेवा काही तास कोलमडल्या. कंपनीने नंतर त्याचे कारण प्रसिद्ध केले, ते मी भाच्याकडून दोनदा समजावून घेतले.

त्या केंद्रातील माहितीसाठ्याचे पत्ते सतत बदलते ठेवावे लागतात. एक यंत्रणा त्यासाठी वेळोवेळी आराखडे तयार करते, आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी असलेल्या अंमलदार यंत्रणा ते लागू करतात. लागू करण्यापूर्वी प्रत्येक अंमलदार पाहतो, की आपल्या हातचा आराखडा आधीच्यापेक्षा नवा आहे ना. त्या दिवशी एक अंमलदार काही कारणाने फार रेंगाळला. त्याने तपासणी केली तेव्हा त्याचा आराखडा नवाच होता. परंतु काम उरकेपर्यंत तो जुना झाला होता. दरम्यान दुसऱ्या अंमलदाराने अगदी ताजा आराखडा लागू केला. रेंगाळलेल्याने त्याच्यावर आपला शिळा आराखडा चढविला. मग ताज्या आराखड्यावाल्याने साफसफाई करताना तो जुना दिसला म्हणून पुसून टाकला. परिणामी पत्त्याची जागाच रिकामी झाली. साठा शाबूत, संगणक शाबूत. पण घर कोठे आहे हे सांगणारी पाटी कोरी. यंत्रणेला स्वतःला ते दुरुस्त करता येईना; शेवटी माणसांना हात घालावा लागला.

क्वेक्रीकच्या खाणीत जे झाले तेच येथेही झाले. नकाशा खोटा नव्हता, शिळा होता. फरक इतकाच, की खाणीचा नकाशा शिळा होण्यास वर्षे लागली आणि येथे थोडासा वेळ पुरला.

कोपऱ्यातली तारीख

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भाचा त्या मुलीला घरी जेवायला घेऊन आला. लाघवी, कमी बोलणारी पोर. जेवणानंतर तिने आपल्या संगणकावर मला एक चित्र दाखविले. त्या सकाळनंतर प्रणालीचा नवा नकाशा करण्याचे काम तिने स्वतःहून मागून घेतले होते. एकेक संगणक, एकेक बाण तिने पडताळून पाहिला होता. काही बाण अखंड होते, काही ठिपक्यांचे.

“ज्याची नोंद चालत्या प्रणालीतून मिळाली तेवढेच अखंड, मावशी,” ती म्हणाली. “जे नुसते कुणी सांगितले किंवा मजकुरात लिहिले आहे, ते ठिपक्यांचे. महिनाभरात नोंद मिळाली नाही तर अखंड रेघ पुन्हा ठिपक्यांची होते.”

ही युक्ती कोठून आली हे मी विचारले नाही. भाचा ताटे उचलण्याच्या निमित्ताने आत निघून गेला होता.

साधने बदलत राहतील. आजची उद्या जुनी होतील, चित्रे जाऊन शब्द आले, शब्दांमागून पुन्हा चित्रे येतील. परंतु कोणतेही साधन निवडताना विचारावयाचा प्रश्न मला तरी एकच वाटतो: याला प्रत्यक्ष खाली उतरून मोजता येते का? जे साधन नुसते सुबक चित्र काढून देते, ते भिंतीची शोभा वाढविते. जे चित्र आणि वस्तुस्थिती यांची रोज गाठ घालून देते, त्याच्याच भरवशावर माणसांना खाली पाठवावे. कारण नकाशा वाचणारा बहुधा नवखाच असतो. जुन्याला वाटा पाठ असतात. नकाशावर विश्वास टाकून अंधारात पाऊल ठेवावे लागते ते नव्या माणसाला. त्याच्याशी प्रामाणिक राहणे हे नकाशा काढणाऱ्याचे कर्तव्य आहे.

मी त्या मुलीच्या चित्राचा उजवा कोपरा पाहिला. तेथे तारीख होती. त्याच दिवसाची.